एक छेद सेकंद

कुंपणात रेनडिअरांचं वर्तुळ फिरतंय,
घड्याळाच्या उलट दिशेने, सवयीने,
आणि स्नोसाच्या वरच्या माळावर
उजेड दुपारी तीनलाच आवराआवर करायला लागलाय.

तुरिद गुडघ्यावर बसते.
दोघं जण शिंगं धरतात.
ती यंत्राचं तोंड जनावराच्या मांडीला टेकवते
आणि ओठ न हलवता मोजत राहते.
टक्. टक्‌टक्. बराच वेळ काहीच नाही. टक्.

"निळी पट्टी."
निळी म्हणजे दीड महिना थांबायचं,
बंद कुंपणात विकतचा चारा खायचा,
अंगातलं सीझियम अर्धं होऊ द्यायचं, मग त्याच्याही अर्धं.
यंदा अळंबी फार उगवली.
अळंबीचं वर्ष जनावराला गोड, यंत्राला कडू.

यॉव्वा विचारतो,
दर वर्षी विचारतो, पण आज उत्तरासाठी थांबतो:
"बेक्वेरेल म्हणजे नक्की काय मोजता तुम्ही?"
"दर सेकंदाला किती अणू फुटले, ते."
"फुटले ते गेले. मापात काय उरलं?"
"एक छेद सेकंद."
चाऱ्याच्या गोणीवर ती खडूने लिहून दाखवते.
वर एक. मध्ये रेघ. खाली सेकंद, एकटा.

"हे तर हर्ट्झ!" मारेथ कुंपणावरून म्हणते.
ती स्टाइनशेरला वायरमनचं काम शिकते.
"आमच्या तारेत पन्नास असतात. तेही एक छेद सेकंदच."
"तेच."
"मग नावं दोन कशाला?"

तुरिद हातमोज्यात बोटं हलवत राहते.
परिमाणांचा ताळा तर जुळतो:
डावीकडे जे, तेच उजवीकडे, काटाकाट केली की हातात तेवढंच.
पण ताळा कधी म्हणाला नाही की दोघं एक आहेत.
तो एवढंच म्हणाला, ह्यांना एका पारड्यात घालायला
माझी हरकत नाही.
एका आडनावाची दोन माणसं
एकमेकांना ओळखतच असतील, असं थोडंच आहे?

"हर्ट्झ शब्द देतो," शेवटी ती म्हणते,
"पुढचा ठोका कधी, ते आधीच सांगून ठेवतो.
बेक्वेरेल कसलाच शब्द देत नाही.
सरासरी तेवढी पाळतो.
पुढचा अणू आत्ता फुटेल,
नाहीतर तू म्हातारी झाल्यावर."

यॉव्वा जाकिटात हात घालतो,
डाव्या खांद्याखाली, जिथे कातडीच्या आत
त्रोन्हाइमला बसवलेली एक डबी आहे.
"म्हणजे गेल्या हिवाळ्यापर्यंत हे बेक्वेरेल होतं."
कुणी हसत नाही. मग तोच हसतो.
"आता हर्ट्झ झालं. मिनिटाला साठ.
तुझा तो एक छेद सेकंद, बरोब्बर."

तुरिदला आणखी एक सांगायचं होतं:
माणसाच्या अंगात मुरलेली मात्रा,
किलोमागे इतके ज्यूल, असं ती अहवालात लिहिते, ती
सोलत गेलं की किलोला किलो खातो
आणि उरतो वेगाचा वर्ग.
नुसता वेग, स्वतःशीच गुणलेला,
आणि पळणारं कुणीच नाही.
पण अंधार पडत होता. अकरा जनावरं बाकी होती.

शेवटचं जनावर सुटल्यावर
मारेथने न विचारता यंत्र उचललं
आणि आजोबाच्या छातीवर टेकवलं,
डबीच्या जरासं खाली.

टक्.
सगळे गप्प.
जन्मभर ज्यानं हेच मांस खाल्लं, ह्याच डोंगराचं,
त्याच्या आत डबी आपला शब्द पाळत होती
एक, एक, एक, एक
आणि तिच्या भोवताली, तिला न जुमानता,
टक्‌टक्. मग काही नाही. काही नाही. टक्.

"किती?" यॉव्वाने विचारलं.
तुरिदने आकडा वाचला, सांगितला नाही.
"बांध मग निळी," तो हात पुढे करत म्हणाला,
"फक्त चारा बरा द्या."